बोनस : हक्काचा की मेहेरबानीचा?

दिवाळी सरली, गावोगावच्या मंडया आटोपल्या आणि हलक्या धानाची मळणी उरकली, की देवरीच्या बाजारात, बसस्थानकावर आणि धान खरेदी केंद्राच्या ओट्यावर एकच प्रश्न ऐकू येऊ लागतो : "यंदा बोनस आहे का जी?" विचारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही त्याचे उत्तर ठाऊक नसते. ते नागपुरात, विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात ठरायचे असते. कधी ते तेथे ठरते, कधी पुढे मार्चच्या अर्थसंकल्पापर्यंत लांबते आणि कधी मुळीच येत नाही. तोवर धान विकून झालेले असते.

सार्वजनिक आयव्ययाचा तास चालू असताना एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, बोनस म्हणजे आपल्या हक्काचे पैसे, की सरकारने खुशीने दिलेले?" अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला अडचणीत आणणारा असाच हा प्रश्न होता. मी घाईने काहीतरी उत्तर दिले. ते पुस्तकी दृष्टीने चुकीचे नव्हते, पण घरी आल्यावर माझे मलाच पटेना. म्हणून प्रथम या शब्दाचीच थोडी चौकशी करावी असे ठरवले. ती करता करता लक्षात आले की, विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न या शब्दाच्या जन्मापासून त्याच्या पाठीशी लागलेला आहे.

शब्दाचे कूळ

'बोनस' हा शब्द आज आपण इतका सहज वापरतो की तो परका आहे याची आठवणही राहत नाही. इंग्रजीतही तो मूळचा नाही. लॅटिन भाषेत 'बोनस' हे विशेषण असून त्याचा अर्थ 'चांगला' एवढाच आहे. प्राचीन लॅटिनमध्ये त्याचे रूप 'दुएनोस' असे होते. पुढे 'दु'चा 'ब' होऊन 'बोनस' झाले. गंमत अशी की, लॅटिनच्या व्याकरणाप्रमाणे हे पुल्लिंगी रूप आहे. 'चांगली वस्तू' म्हणायचे तर नपुंसकलिंगी 'बोनम' म्हणावयास हवे होते. परंतु अठराव्या शतकात लंडनच्या शेअर बाजारातील मंडळींनी आपल्या बाजारू बोलीत हा शब्द उचलला तेव्हा त्यांना व्याकरणाशी कर्तव्य नव्हते. ठरलेल्या रकमेपेक्षा वर काही मिळाले तर 'ही एक चांगली गोष्ट' अशा थाटात ते 'बोनस' म्हणू लागले, आणि १७७० च्या दशकात शब्द इंग्रजीत रूढ झाला.

या कुळातील दुसरा शब्द आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात असतो. बसच्या पासासाठी, शिष्यवृत्तीसाठी, वसतिगृहासाठी तो महाविद्यालयाच्या कार्यालयातून 'बोनाफाईड' काढतो. 'बोना फिदे' म्हणजे चांगल्या निष्ठेने, सद्हेतूने. अचानक घबाड लागावे तसा लाभ म्हणजे 'बोनान्झा'. हा स्पॅनिश शब्दही याच मुळाचा. त्याचा मूळ अर्थ समुद्रावरील शांत, अनुकूल हवा. खाणीत समृद्ध शीर लागली की खाणकाम करणारे तिला बोनान्झा म्हणत. तेव्हा चांगुलपणा, सद्हेतू आणि नशिबाने लागलेले घबाड, असे तीन अर्थ या एकाच घराण्यात नांदतात. बोनसविषयीचे निम्मे वाद या तीन अर्थांच्या सरमिसळीतून निर्माण झालेले आहेत.

आपल्याकडे 'वरचे काही' देण्याची रीत इंग्रजांनी आणली असे मुळीच नाही. दिवाळीला नोकरचाकरांना 'पोस्त' देत. 'बक्षीस', 'इनाम', 'ओवाळणी' हे शब्द होतेच. मुंबईसारख्या महानगरपालिका आजही आपल्या कर्मचाऱ्यांना दिवाळीत जे देतात त्याला कागदोपत्री 'सानुग्रह अनुदान' म्हणतात. या साऱ्या शब्दांत देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली आहे. पोस्त मागता येते, तिच्यावर दावा सांगता येत नाही. 'सानुग्रह' या शब्दात तर अनुग्रह उघडच सांगितला आहे. याउलट परिभाषाकारांनी बोनससाठी 'अधिलाभांश' हा शब्द घडवला. तो जिभेवर बसला नाही, पण त्यात एक मोठी कबुली आहे : 'अंश' म्हणजे वाटा, आणि वाटा हा वाटेकऱ्याला मिळतो. याचकाला मिळते ते दान.

गिरणगावाने दिलेला अर्थ

पोस्तीचा अधिलाभांश कसा झाला, ही कथा मुंबईच्या गिरणगावात घडली. पहिल्या महायुद्धात कापड गिरण्यांना अमाप नफा झाला. महागाईही तितकीच वाढली. तेव्हा १९१७ मध्ये गिरणीमालकांनी पगारावर १० टक्के 'युद्ध बोनस' दिला, १९१८ मध्ये तो १५ टक्के केला. युद्ध संपल्यानंतरच्या तेजीच्या वर्षांत दरसाल एका महिन्याच्या पगाराइतका बोनस मिळू लागला. कामगाराच्या संसाराच्या हिशेबात तो मिळकतीचा भाग होऊन बसला. त्यावर सावकाराची देणी, मुलीचे लग्न आणि गावाकडे पाठवायचे पैसे अवलंबून राहू लागले.

मग मंदी आली, आणि १९२३ मध्ये मालकांनी यंदा बोनस नाही असे जाहीर केले. जानेवारी १९२४ मध्ये दीड लाखांहून अधिक कामगार संपावर गेले. वादाचा निवाडा करण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने निष्कर्ष काढला की, रिवाजाने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीने कामगारांना दरसाल बोनस मागण्याचा कोणताही हक्क सिद्ध झालेला नाही. मालकांनी दिले ते आपखुशीने दिले होते, नाही दिले तर तक्रार कसली, असा त्याचा सरळ अर्थ. संप मोडला, पण प्रश्न मोडला नाही.

पुढची चाळीस वर्षे हाच प्रश्न निरनिराळ्या न्यायासनांपुढे येत राहिला. १९५० मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांची संघटना आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्यातील वादात कामगार अपील न्यायाधिकरणाने एक सूत्र घालून दिले. नफ्यातून घसारा, यंत्रांच्या पुनर्स्थापनेचा खर्च, कर, भांडवलावरील रास्त परतावा वजा करावा. उरेल ती शिल्लक भांडवल आणि श्रम यांच्या संयुक्त प्रयत्नांचे फळ आहे, म्हणून तीत कामगाराचा वाटा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये म्यूर मिल्सच्या खटल्यात म्हटले की, बोनस ही बक्षिसी नव्हे आणि राखून ठेवलेला पगारही नव्हे. मिळणारा पगार जीवनवेतनापेक्षा कमी असेल आणि उद्योगाला नफा झाला असेल, तर ती मागणी उभी राहते. म. र. मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली १९६१ मध्ये बोनस आयोग नेमला गेला, आणि अखेर १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला.

या कायद्यातील तीन तरतुदी वाचकांनी लक्षात ठेवाव्यात, कारण पुढे धानाकडे वळताना त्यांची गरज पडेल. पहिली, किमान बोनस तोटा झाला तरी द्यावाच लागतो. दुसरी, तो किती द्यायचा याचे सूत्र कायद्यातच आहे. तिसरी, हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत तो दिला गेला पाहिजे. किमान दर आरंभी ४ टक्के होता. १९७२ च्या दुरुस्तीने तो ८.३३ टक्के झाला. हा आकडा अनेकांना विचित्र वाटतो, पण शंभराला बाराने भागून पाहावे : तो वर्षाच्या कमाईचा बारावा हिस्सा, म्हणजे तेरावा पगार आहे. १९२४ मध्ये मॅक्लिऑड समितीने नाकारलेला एक महिन्याचा पगार जवळजवळ पन्नास वर्षांनी कायद्याच्या कलमात येऊन बसला. आणीबाणीत, १९७५ मध्ये, तो पुन्हा ४ टक्क्यांवर आणण्यात आला आणि १९७७ मध्ये पूर्ववत झाला. कमाल मर्यादा २० टक्क्यांची. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाची ठिणगीही आदल्या दिवाळीच्या बोनसवरूनच पडली होती. २०१९ च्या वेतन संहितेतही बोनसला स्वतंत्र प्रकरण द्यावे लागले. एवढा प्रवास झाल्यावर कारखान्यातल्या कामगाराला कोणी 'बोनस ही मेहेरबानी आहे' असे सांगू शकत नाही.

वॉशिंग्टनमधील तंबू

शब्द आणि हक्क यांच्यातील ही झटापट केवळ आपल्याच देशात झाली असे नाही. पहिल्या महायुद्धात लढलेल्या अमेरिकन सैनिकांना, ते रणांगणावर असताना बुडालेल्या कमाईची भरपाई म्हणून, १९२४ च्या कायद्याने प्रमाणपत्रे देण्यात आली. त्यांची पूर्ण रक्कम १९४५ मध्ये मिळायची होती. कायद्यात तिचे नाव 'समायोजित मोबदला' असे होते. वृत्तपत्रांनी आणि लोकांनी तिला 'बोनस' म्हटले. महामंदीत बेकार झालेले हजारो माजी सैनिक १९३२ च्या उन्हाळ्यात, आमचे पैसे आताच द्या, अशी मागणी करीत राजधानीत येऊन तंबू ठोकून राहिले. राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्या कारकिर्दीत, जुलै महिन्यात, जनरल मॅकार्थर यांच्या सैन्याने त्यांना हुसकून लावले. पैसे मिळाले ते १९३६ मध्ये. मोबदल्याला बोनस म्हटले की मागणाऱ्याची बाजू कशी लंगडी होते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. 'मोबदला द्या' म्हणणारा धनको असतो. 'बोनस द्या' म्हणणारा हट्टी दिसू लागतो.

धानाचा बोनस

आता आपल्या बांधावर येऊ. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत धान हेच मुख्य पीक. देवरीसारख्या आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळ, सहकारी संस्थांच्या मार्फत, हमीभावाने धान खरेदी करते. हमीभाव केंद्र सरकार ठरवते आणि तो साऱ्या देशासाठी एकच असतो. पंजाबातील कालव्याच्या पाण्यावरचे धान आणि आमच्या माजी मालगुजारी तलावाच्या किंवा बोडीच्या भरवशावर पिकणारे धान, दोघांनाही तोच भाव. उत्पादनखर्चातील ही तफावत भरून काढण्यासाठी राज्य सरकार हमीभावावर जी रक्कम देते, तिला शासकीय कागदात 'प्रोत्साहनपर राशी' म्हणतात. शेतकरी तिला बोनस म्हणतो.

या राशीचा इतिहास पाहिला तर तिचे स्वरूप कळते. २०१९-२० आणि २०२०-२१ च्या हंगामांत क्विंटलमागे ७०० रुपये मिळाले, ५० क्विंटलच्या मर्यादेत. त्यानंतरच्या हंगामात काहीच मिळाले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये पद्धतच बदलली : क्विंटलऐवजी हेक्टरी १५,००० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत. डिसेंबर २०२३ मध्ये ते २०,००० झाले. म्हणजे पाच वर्षांत दर बदलला, मोजमाप बदलले आणि एक वर्ष पूर्ण कोरडे गेले. यांपैकी कोणतीही गोष्ट शेतकऱ्याला रोवणीपूर्वी ठाऊक नव्हती.

बाघनदी ओलांडली की छत्तीसगड लागते. आमच्या तालुक्यातील कित्येक कुटुंबांचे सोयरे त्या बाजूला आहेत. तेथे २०२३ च्या निवडणुकीनंतर एकरी २१ क्विंटलपर्यंत धानाला ३,१०० रुपये भाव मिळू लागला. त्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव २,१८३ रुपये होता. म्हणजे क्विंटलमागे ९१७ रुपये वरचे. आमच्या बाजूला हेक्टरी २०,००० म्हणजे एकरी सुमारे ८,१०० रुपये. एकरी २० क्विंटल पिकले असे धरले, तर क्विंटलमागे साधारण ४०५ रुपये पडतात आणि एकूण भाव २,५९० च्या आसपास जातो. नदीच्या दोन काठांवरील एकाच धानात पाचशे रुपयांचा फरक! लग्नाकार्यात सोयरे भेटले की हा हिशेब निघतोच. एका वृद्ध शेतकऱ्याने मला सांगितले, "त्याईले भाव भेटते, आमाले बोनस भेटते. भेटला त भेटला." अर्थशास्त्राच्या ग्रंथात भाव आणि बोनस यांतील भेद इतक्या थोडक्यात सांगितलेला मी वाचलेला नाही.

न्याय करायचा तर हेही सांगितले पाहिजे की, हेक्टरी पद्धतीत काही गुण आहेत. क्विंटलमागे पैसे मिळत तेव्हा व्यापारी दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर धान खपवून बोनस लाटतात, अशी ओरड सतत होई. त्याला यामुळे आळा बसतो. पावसाने दगा देऊन एकरी दहाच क्विंटल पिकले, तरी रक्कम तीच राहते. म्हणजे वाईट वर्षात ती काहीशी आधाराचे काम करते. पण रक्कम सातबाऱ्याला चिकटल्यामुळे जो दुसऱ्याची जमीन बटईने किंवा ठेक्याने कसतो, त्याच्या हाती ती पोचत नाही. चिखल तुडवणारा एक, आणि प्रोत्साहन मिळणारा दुसरा!

तेंदूपत्त्याचीही हीच कथा. मे महिन्याच्या उन्हात पाने तोडणाऱ्या मजुराला मजुरीखेरीज, शासनाला मिळालेल्या स्वामित्वशुल्कातून, पुढे कधीतरी 'प्रोत्साहनार्थ मजुरी' मिळते. तिलाही लोक बोनसच म्हणतात. वास्तविक ती त्याच्याच पानांच्या लिलावातून आलेली रक्कम आहे. तिच्यात प्रोत्साहन कसले? ते उशिरा झालेले वाटप आहे.

आक्षेप आणि उत्तर

बोनसच्या विरोधी युक्तिवाद कमी वजनाचे नाहीत. केंद्र सरकारने २०१४ मध्ये राज्यांना बजावले होते की, हमीभावावर बोनस दिला तर केंद्रीय साठ्यासाठीची खरेदी सार्वजनिक वितरणाच्या गरजेपुरती मर्यादित करण्यात येईल. कृषिमूल्य आयोगानेही अशा बोनसमुळे बाजार बिघडतो, खाजगी व्यापार मागे हटतो आणि शेतकरी धानालाच चिकटून राहतो, असे वेळोवेळी म्हटले आहे. पाण्याचा आणि पीकबदलाचा प्रश्न खराच आहे. राज्याच्या तिजोरीवरील भारही नाकारता येणार नाही.

पण हे सारे आक्षेप 'किती द्यावे' आणि 'कशावर द्यावे' यांसंबंधीचे आहेत. माझा प्रश्न 'केव्हा सांगावे' हा आहे. उद्या शासनाने रक्कम कमी केली, तरी ती जूनच्या आत जाहीर करण्याला तिजोरीचा एक रुपयाही जास्त लागत नाही. प्रोत्साहन हा शब्द तरी प्रामाणिकपणे वापरायचा, तर ते कृतीच्या आधी दिले पाहिजे. धान विकून झाल्यावर जाहीर होणारी रक्कम कोणत्या निर्णयाला प्रोत्साहन देणार? किती जमीन पेरावी, कोणते वाण घ्यावे, किती कर्ज काढावे, हे सारे निर्णय सहा महिन्यांपूर्वी होऊन गेलेले असतात. शेतकऱ्याने ते त्या रकमेविना घेतलेले असतात, कारण अनिश्चित उत्पन्नावर शहाणा माणूस हिशेब मांडत नाही. परिणामी शासनाचा खर्च पुरा होतो आणि त्याचा निम्मा उपयोग वाया जातो. शेतकऱ्याला मार्चअखेर पीककर्ज फेडायचे असते. तेवढ्यासाठी तो सोयऱ्याकडून उसने घेतो आणि बोनस मागाहून येतो.

पश्चिम महाराष्ट्रातील दूधसंस्था दिवाळीला उत्पादकांना जी रक्कम देतात तिला पुष्कळ ठिकाणी 'दूध फरक' म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो. फरक म्हणजे दिलेला भाव आणि द्यायला हवा होता तो भाव यांतील अंतर. त्यात उपकार नाही, अनुग्रह नाही. त्यात हिशेब आहे. धानाच्या बोनसचे खरे नाव 'धान फरक' असे आहे. देशभराचा एक हमीभाव आणि या मातीतील उत्पादनखर्च यांतील ते अंतर आहे.

म्हणून मागणी साधी आहे. कामगाराच्या बोनसला ज्या तीन गोष्टी १९६५ मध्ये मिळाल्या, त्याच धानाच्या बोनसला द्याव्यात : एक किमान रक्कम, ती ठरवण्याचे जाहीर सूत्र आणि ती हाती पडण्याची मुदत. चौथी गोष्ट म्हणजे मृग लागण्यापूर्वीची घोषणा. मग ती मागण्यासाठी दर डिसेंबरात कोणाला नागपूरच्या रस्त्यावर बसावे लागणार नाही, आणि ती देऊन कोणाला टाळ्याही मिळवता येणार नाहीत. कदाचित हीच अडचण असावी. भाव दिल्याबद्दल कोणी आभार मानत नाही. बोनस दिल्याबद्दल सत्कार होतात.

त्या विद्यार्थ्याला पुढच्या तासाला मी सांगितले, "शब्दकोशात बोनस म्हणजे चांगले. देणाऱ्याच्या मते ती खुशी, घेणाऱ्याच्या मते तो हक्क. गिरणी कामगारांना हा अर्थ बदलून घ्यायला एकेचाळीस वर्षे लागली." त्याने वहीत लिहून घेतले आणि विचारले, "सर, मग आपल्याले किती लागतीन?" वर्ग हसला. तो मात्र हसला नाही. त्याच्या घरी दोन एकर धान आहे, आणि त्याच्या पुढच्या सत्राची फी त्या बोनसवर अवलंबून आहे.